दोन वर्खांमधला पडदा : बंगळूर आणि लिथियम बॅटरीतील अंतर्गत शॉर्टचा इतिहास

लिथियम-आयन बॅटरीच्या सुरक्षिततेचा इतिहास सहसा रसायनांच्या नावांनी सांगितला जातो. प्रत्यक्षात तो एका पडद्याचा इतिहास आहे. विजेच्या स्कूटरमध्ये, लॅपटॉपमध्ये किंवा उपग्रहात बसणाऱ्या प्रत्येक सेलमध्ये तांब्याचा एक आणि ॲल्युमिनियमचा एक असे दोन लांब वर्ख असतात. तांब्याच्या वर्खावर ग्रॅफाइटचा आणि ॲल्युमिनियमच्या वर्खावर लिथियमयुक्त धातुसंयुगाचा लेप दिलेला असतो, आणि दोहोंच्या मध्ये पॉलिथिलीनचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा सच्छिद्र पडदा घालून सगळ्याची गुंडाळी डब्यात भरलेली असते. कारखान्यात या पडद्याला ‘सेपरेटर’ म्हणतात. त्याची जाडी साधारण २० मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी असते. त्याच्या छिद्रांत भरलेल्या द्रावातून लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, ये-जा करू शकतात, पण इलेक्ट्रॉनांना ती वाट बंद असते. त्यांना बाहेरच्या तारेतून आणि मोटारीतून वळसा घालून यावे लागते, आणि बॅटरीचा सारा उपयोग त्या वळशातच आहे. हा पडदा सुईच्या टोकाएवढ्या जागी जरी भेदला गेला, तरी इलेक्ट्रॉनांना आतल्या आत आडवाट सापडते. तिलाच अंतर्गत शॉर्ट सर्किट, किंवा परिभाषेत अंतर्गत लघुपथन, असे म्हणतात.

बाहेरच्या शॉर्टला उपाय असतो, कारण वाटेत फ्यूज बसवता येतो किंवा स्विच तोडता येतो. आतल्या शॉर्टच्या वाटेत मात्र फ्यूज बसवायला जागाच नसते. १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर उंचीचा, ‘१८६५०’ या नावाने ओळखला जाणारा सेल घेतला, तर त्यात सुमारे १० वॉट-तास, म्हणजे ३६,००० ज्यूल ऊर्जा मावते आणि त्याचे वजन पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर असते. ही सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने त्याच्याच अंगात जिरली, तर त्याचे तापमान सातशे अंशांच्या आसपास वाढेल, आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. शिवाय हा हिशेब केवळ साठवलेल्या विजेचा आहे. ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर शंभर अंशांच्या अलीकडे-पलीकडे मोडू लागतो, १३० अंशांच्या पुढे पॉलिथिलीन वितळते, आणखी वर गेल्यावर धनाग्राकडच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या बाजूच्या, ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो आणि तो सेलमधल्या ज्वलनशील सेंद्रिय द्रावाला मिळतो. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला उष्णता पुरवते, म्हणून या साखळीला ‘थर्मल रनअवे’ म्हणजे उष्णतेचा अनावर भडका म्हणतात.

बंगळूर हे भारतातील विजेच्या वाहनांच्या धंद्याचे माहेर मानले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु या शहराचा आणि त्या पडद्याचा संबंध मात्र दीर्घकाळ दुरूनच राहिला. सेल परदेशातून यायचे, पॅक येथे बांधला जायचा. ज्या गोष्टीत दोष उद्भवतो ती गोष्ट ज्याच्या हातात नाही, त्याने सुरक्षिततेचा विचार कसा करावा, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात बंगळूरच्या अभियंत्यांची बरीच वर्षे गेली, आणि त्यांनी शोधलेले उत्तर पुढे देशाच्या मानकात उतरले.

या धंद्याची सुरुवात लिथियमने झाली नाही. चेतन मैनी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये, मैनी समूह आणि एक अमेरिकी कंपनी यांच्या भागीदारीतून, बंगळूरमध्ये रेवा इलेक्ट्रिक कार कंपनी स्थापन झाली आणि २००१ मध्ये तिची दोन दारांची छोटी गाडी रस्त्यावर आली. तिच्या आसनांखाली शिसे आणि गंधकाम्लाच्या, प्रत्येकी सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या होत्या. अंतर्गत शॉर्ट या बॅटऱ्यांतही होतच असे: पट्ट्यांवरून झडलेला गाळ तळाशी साचून किंवा शिशाचे शेवाळासारखे तंतू वाढून दोन पट्ट्या एकमेकींना चिकटत. पण द्राव पाण्याचा असल्याने तो पेट घेत नसे, आणि दोन पट्ट्यांमधली ऊर्जाही वजनाच्या मानाने थोडीच असे. त्यामुळे मेकॅनिकच्या भाषेत ‘सेल बसला’ एवढ्यावर प्रकरण मिटे. चार्जिंगच्या वेळी सुटणारा हायड्रोजन खोलीत साचू द्यायचा नाही, एवढी काळजी घेतली की पुरे. शिशाच्या बॅटरीतला शॉर्ट हा खर्चाचा विषय होता, जिवाचा नव्हता. जुन्या बॅटरीवाल्यांच्या हाताला जी सवय लागली ती या काळातली, आणि लिथियमचे युग आल्यावर सर्वांत आधी मोडावी लागली ती हीच सवय.

लिथियमचा शॉर्ट जिवावर बेतू शकतो, हा धडा जगाने आधीच गिरवला होता. कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीच्या सेलमध्ये ऋणाग्र म्हणून, म्हणजे आजच्या ग्रॅफाइटच्या जागी, शुद्ध लिथियम धातू वापरला जाई. चार्ज होताना हा धातू सपाट न बसता झाडाच्या फांद्यांसारखा, ज्याला ‘डेंड्राइट’ म्हणतात त्या काट्यांच्या रूपात वाढतो आणि पडदा भेदतो. जपानमधल्या मोबाइल फोनना आगी लागल्यामुळे १९८९ मध्ये ते सेल परत मागवावे लागले. जपानमध्येच अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये लिथियम धातू काढून टाकून त्या जागी कार्बन योजला होता, आणि १९८६ मध्ये नव्या सेलवर वरून लोखंडी वजन टाकून त्यांनी तो चिरडून पाहिला. चिरडणे म्हणजे दोन वर्ख एकमेकांना भिडवणे. अर्थात ही मुद्दाम घडवलेल्या अंतर्गत शॉर्टची चाचणीच होती. धातूच्या सेलने पेट घेतला, कार्बनच्या सेलने घेतला नाही, आणि याच क्षणी लिथियम-आयन बॅटरी जन्मली असे योशिनो पुढे सांगत आले. सोनीने १९९१ मध्ये ती बाजारात आणली. जॉन गुडइनफ आणि स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांच्यासह योशिनो यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

तरीही काटा पूर्णपणे गेला नव्हता, त्याचे मूळ फक्त बदलले होते. २००६ मध्ये लॅपटॉपच्या लक्षावधी बॅटऱ्या परत मागवल्या गेल्या, एकट्या डेल कंपनीच्या सुमारे ४१ लाख. आणि कारण निघाले ते सेल बंद करताना आत पडलेले धातूचे सूक्ष्म कण. असा कण धनाग्राच्या बाजूला पडला, तर तिथल्या उच्च विभवाने तो विरघळतो, त्याचे आयन पडद्यातून पलीकडे जातात आणि ऋणाग्रावर पुन्हा धातू होऊन सुईसारखे वाढत परत पडद्यात घुसतात. यासाठी दिवस लागतात, कधी महिनेही लागतात. म्हणूनच कारखान्यातून निघताना सगळ्या चाचण्या पार केलेला सेल पुढे कुणाच्या तरी टेबलावर पेटतो. जपानने यावर जी चाचणी काढली ती या सगळ्या इतिहासातील सर्वांत बोलकी वस्तू म्हणावी लागेल. २००७ च्या मानकानुसार पूर्ण चार्ज केलेला सेल उघडून, त्याच्या गुंडाळीत निकेलचा एक बारीक, इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचा तुकडा ठेवायचा, प्रत्येक बाजू एक मिलिमीटर, उंची ०.२ मिलिमीटर आणि जाडी ०.१ मिलिमीटर, मग गुंडाळी परत मिटून त्या जागी दाब द्यायचा आणि पडदा फाटून शॉर्ट झाल्यावर सेल पेटतो की नुसता तापतो ते पाहायचे. तांदळाच्या कणीहूनही लहान अशा त्या तुकड्याने चाचणीचा सूर बदलला: सेल फाटेल का, हा प्रश्न मागे पडून फाटल्यावर काय होईल, हा प्रश्न पुढे आला.

शॉर्ट नेमका कोणत्या दोन थरांत होतो यावरही बरेच अवलंबून असते, आणि हे तुलनेने उशिरा ध्यानात आले. दोन्हीकडचे लेप एकमेकांना भिडले तर धोका कमी असतो, कारण धनाग्राचा लेप विजेचा मंद वाहक आहे आणि प्रवाह फार वाढत नाही. दोन्ही वर्ख थेट भिडले तर प्रवाह प्रचंड वाहतो, पण स्पर्शाची जागा पुष्कळदा वितळून सुटते. सर्वांत वाईट संयोग आहे तो ॲल्युमिनियमचा उघडा वर्ख आणि चार्ज झालेले ग्रॅफाइट यांचा: दोघेही चांगले वाहक, स्पर्श टिकून राहणारा आणि ग्रॅफाइट लवकर भडकणारे. म्हणून वर्खाच्या ज्या कडांवर लेप नसतो तिथे सिरॅमिकचा पट्टा किंवा विद्युतरोधक फीत लावण्याची पद्धत पडली, आणि पडद्यालाही सिरॅमिकचा मुलामा चढू लागला. पॉलिथिलीनचा पडदा वितळला की त्याची छिद्रे बुजतात आणि आयनांची वाट बंद होते, ही त्याची स्वतःची सुरक्षा. पण वितळलेला पडदा आक्रसतोही, आणि आक्रसला की कडेला वर्ख उघडे पडतात. पॉलिप्रॉपिलीनचे दोन थर आणि मध्ये पॉलिथिलीनचा एक, असा तीनपदरी पडदा याच पेचातून निघाला: मधला थर १३५ अंशांच्या आसपास वितळून वाट बंद करतो, बाहेरचे दोन १६५ अंशांपर्यंत आकार धरून राहतात.

बंगळूरमध्ये लिथियमचा प्रवेश झाला तो जवळजवळ एकाच वेळी दोन दारांनी. २२ ऑक्टोबर २००८ रोजी उड्डाण केलेले चांद्रयान-१ इस्रोच्या बंगळूर येथील उपग्रह केंद्रात बांधले गेले, आणि चंद्राच्या सावलीत असताना त्याला वीज पुरवण्यासाठी ३६ अँपिअर-तासांची लिथियम-आयन बॅटरी होती. तीन महिन्यांच्या आत, जानेवारी २००९ मध्ये, त्याच शहरातल्या रेवाने गाडीची लिथियम-आयन आवृत्ती जाहीर केली. १९७५ च्या आर्यभट्ट उपग्रहात निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या, आणि तो उपग्रह बंगळूरमधल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये जुळवला गेला होता, हे लक्षात घेतले तर शहराने एका पिढीत किती अंतर कापले ते दिसते. पण या दोन दारांतून आत आलेल्या दोन परंपरा फार वेगळ्या होत्या. अवकाशातल्या बॅटरीसाठी सेल मोजके लागतात आणि प्रत्येकाची तपासणी करायला वेळ असतो: सेल चार्ज करून दिवसचे दिवस नुसता ठेवायचा आणि त्याचा विद्युतदाब किती मिलिव्होल्टने उतरला ते मोजायचे, कारण आत सूक्ष्म शॉर्ट असेल तर तो सेल न वापरताही हळूहळू रिता होत जातो. ज्याचा उतार सोबत्यांहून वेगळा, तो बाद. रस्त्यावरच्या गाडीसाठी सेल हजारोंनी लागतात, गोदामात ठेवलेला प्रत्येक दिवस हा अडकलेला पैसा असतो, आणि बाद केलेल्या सेलचा भुर्दंड कोणी भरायचा हा प्रश्न उभा राहतो. एकाच विज्ञानाचे हे दोन व्यवहार पुढे बराच काळ एकमेकांशेजारी, पण एकमेकांना फारसे न भेटता चालले.

रेवातील बहुसंख्य हिस्सा २०१० मध्ये महिंद्राने घेतला. त्यानंतरची पिढी दुचाकींची होती. तरुण मेहता आणि स्वप्निल जैन यांनी २०१३ मध्ये उभी केलेली एथर एनर्जी बंगळूरला आली आणि तिची पहिली स्कूटर, एथर ४५०, २०१८ मध्ये विकली जाऊ लागली. मागाहून अनेक कंपन्या आल्या. या कंपन्यांनी सेल बाहेरून घेतले आणि पॅक स्वतः रचला. पॅक रचणे हे काम दिसायला साधे असते. सेल प्लास्टिकच्या चौकटीत उभे करायचे, निकेलच्या पट्ट्यांनी किंवा ॲल्युमिनियमच्या तारांनी जोडायचे, ॲल्युमिनियमच्या पेटीत बंद करायचे आणि वर बॅटरी व्यवस्थापन यंत्रणेची, म्हणजे ‘बीएमएस’ची, पट्टी बसवायची. परंतु तीन युनिटांच्या पॅकमध्ये असे सुमारे तीनशे सेल येतात, आणि त्यातल्या एकाचा पडदा फाटला तर पेटीची रचनाच ठरवते की नुकसान एका सेलचे होणार की तीनशेंचे.

या प्रश्नाला जगभर वजन आले ते विमानामुळे. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ विमानांच्या दोन बॅटऱ्या, एक बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या विमानात आणि दुसरी जपानमध्ये उड्डाणात, काही दिवसांच्या अंतराने जळाल्या. ही विमाने जगभर जमिनीवर ठेवली गेली, त्यात एअर इंडियाची सहा होती. अमेरिकी चौकशी मंडळाने बोस्टनच्या घटनेचे कारण आठ सेलच्या बॅटरीतील एका सेलचा अंतर्गत शॉर्ट असे ठरवले. एका सेलचा भडका शेजाऱ्याला लागणार नाही, असे विमान बनवताना गृहीत धरले गेले होते, आणि ते गृहीतच चुकले होते. तो शॉर्ट नेमका कशाने झाला याचा निर्णायक पुरावा जळालेल्या सेलमध्ये उरला नव्हता. दुरुस्ती म्हणून सेलांमध्ये अधिक रोधक घातले गेले आणि बॅटरीभोवती पोलादी पेटी, धूर विमानाबाहेर सोडणाऱ्या नळीसह, बसवली गेली. पडद्याला हात न लावता पडद्याभोवती भिंत बांधण्याचा हा मार्ग होता, आणि सेल स्वतः न बनवणाऱ्या बंगळूरलाही तोच मार्ग मोकळा होता.

म्हणून येथल्या पॅककारांचे कसब भिंतीत उतरले. दोन सेलांत किती मिलिमीटर अंतर ठेवायचे, त्या अंतरात हवा ठेवायची की उष्णता शोषणारा पदार्थ भरायचा, फुटलेल्या सेलचा वायू कोणत्या बाजूने बाहेर काढायचा, हे प्रश्न महत्त्वाचे ठरले. समांतर जोडलेल्या सेलांचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. एका गटात दहा सेल समांतर असतील आणि एकाच्या आत शॉर्ट झाला, तर उरलेले नऊ सेल आपली सारी वीज त्या एकाच्या पोटात ओततात. आजारी माणसाला नऊ जणांनी मिळून जबरदस्तीने जेवू घालावे तसा हा प्रकार असतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक सेल जाड पट्टीऐवजी केसासारख्या बारीक ॲल्युमिनियमच्या तारेने जोडायचा, म्हणजे मर्यादेबाहेर प्रवाह वाहिला की ती तार वितळते आणि आजारी सेल गटातून आपोआप सुटतो. बीएमएस आतल्या शॉर्टला थांबवू शकत नाही, हे मान्य करूनही तिच्यावर दोन कामे सोपवली गेली: शॉर्ट होण्याची कारणे टाळणे आणि झाल्यास लवकर ओळखणे. थंडीत वेगाने चार्ज केल्यास ग्रॅफाइटवर लिथियमचा धातू साचतो, म्हणून तो वेग आवरायचा; बॅटरी पार रिती होऊ दिली तर तांब्याचा वर्ख विरघळून पुढच्या चार्जिंगला भलतीकडे जमतो, म्हणून एका मर्यादेखाली वीज काढू द्यायची नाही. यात एक अडचण हवामानाची होती. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच असलेल्या बंगळूरच्या सौम्य हवेत ज्या स्कूटरची चाचणी झाली, तिला विकल्यानंतर मे महिन्यातल्या नागपुरात पंचेचाळीस अंशांत उभे राहायचे होते. उष्णतेने शॉर्ट होतोच असे नाही, पण झालेल्या शॉर्टला भडक्याच्या उंबरठ्यापर्यंत जायला मग कमी अंतर उरते.

तो उंबरठा २०२२ मध्ये देशाने पाहिला. २६ मार्च २०२२ रोजी पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली एक विजेची स्कूटर पेटली आणि तिचे चित्रण देशभर पाहिले गेले. पुढच्या पंधरवड्यात नाशिकजवळ विजेच्या स्कूटर वाहून नेणारा कंटेनर जळाला. दक्षिणेतल्या राज्यांत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांनी माणसे दगावली. सप्टेंबरमध्ये सिकंदराबादेत तळघरातल्या दुचाकींच्या दालनातून पसरलेल्या आगीत वरच्या लॉजमधील आठ जण मरण पावले. या सगळ्या आगींचे कारण एकच होते असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. आग विझल्यावर उरते ती काळवंडलेली पेटी, आणि पहिली ठिणगी कुठे पडली हे सांगणारा पडदा सर्वांत आधी वितळलेला असतो. तरीही कारण शोधण्याइतकेच प्रसार थांबवणेही निकडीचे आहे, हा विचार या वर्षानंतर सरकारी पातळीवर पक्का झाला.

नितीन गडकरी यांच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने हैदराबादच्या एआरसीआय या संशोधन केंद्राचे संचालक टाटा नरसिंग राव यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. तीत संरक्षण संशोधन संस्थांच्या शास्त्रज्ञांबरोबर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे सुब्बा रेड्डी होते. समितीच्या शिफारशींवरून दुचाकी आणि तिचाकींसाठीच्या ‘एआयएस-१५६’ या मानकात सुधारणा झाल्या. मानकांची ही मालिका पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे ‘एआरएआय’, प्रसिद्ध करते. सुधारणा आधी १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू व्हायच्या होत्या. उत्पादकांना तयारीला वेळ हवा म्हणून त्यांचे दोन टप्पे केले गेले, पहिला १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. सेलांमध्ये पुरेसे अंतर, वायू सोडणारी झडप, पाण्यापासून संरक्षण, तापमानाचे संवेदक, आतल्या भडक्याची चाहूल लागताच वाजणारी आणि दिसणारी सूचना, समांतर जोडलेल्या पॅकनी एकमेकांत वीज ओतू नये म्हणून नियंत्रक मंडल, आणि प्रत्येक सेलचा माग काढता येईल अशी नोंद, अशा बऱ्याच अटी त्यांत आहेत. त्यांतली मध्यवर्ती अट मात्र एकाच वाक्यात मावते: पॅकमधील एका सेलमध्ये अंतर्गत शॉर्ट झाल्यास भडका पॅकभर पसरतो का, हे तपासून दाखवावे. बंगळूरच्या पॅककारांनी ज्या भिंती नाइलाजाने बांधायला घेतल्या होत्या, त्या आता कायद्याच्या भिंती झाल्या.

मानकाने सेलच्या बाहेरचा प्रश्न सोडवला. आतला प्रश्न रसायनाचा आणि संशोधनाचा राहिला. लिथियम आयर्न फॉस्फेट हे संयुग वापरले की ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला राहतो आणि भडका सौम्य होतो. १९९७ मध्ये ते जगापुढे मांडणाऱ्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्या आधी अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत, याचा उल्लेख भारतात व्हावा तितका होत नाही. मात्र फॉस्फेटमुळे पडदा फाटायचा थांबत नाही. त्याच्या फाटण्याची किंमत कमी होते, एवढेच. देशात सेल बनवण्याच्या दिशेने एक पाऊल मार्च २०१८ मध्ये पडले, जेव्हा तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने विकसित केलेल्या सेलचे तंत्रज्ञान भेल कंपनीला देण्याचा करार बंगळूरच्या इस्रो मुख्यालयात झाला.

पडद्याचाच पुनर्विचार ज्या संस्थेत झाला, तिचे नाव शहरात अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ असेच घेतले जाते, रिक्षावाल्यांच्या तोंडी तर हमखास. जमशेटजी टाटांच्या योजनेतून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर १९०९ मध्ये उभी राहिलेली ही भारतीय विज्ञान संस्था घनपदार्थांच्या रसायनशास्त्रासाठी प्रसिद्ध आहे, आणि सी. एन. आर. राव यांनी १९७६ मध्ये तिथे त्या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. याच संस्थेत १९९९ मध्ये पीएच.डी. केलेले वेंकटरामन थंगदुरै जर्मनीतील कील येथे वर्नर वेप्नर यांच्यासोबत काम करू लागले आणि २००३ मध्ये त्यांच्या गटाने तामड्याच्या, म्हणजे गार्नेट या रत्नाच्या, स्फटिकरचनेचा एक असा घनपदार्थ दाखवून दिला, ज्यातून लिथियमचे आयन वेगाने जातात. २००७ मध्ये त्याची झिर्कोनियमयुक्त आवृत्ती आली. ज्वलनशील द्राव आणि प्लास्टिकचा पडदा दोन्ही काढून टाकायचे आणि त्या जागी कडक, न पेटणारी सिरॅमिकची चकती बसवायची, अशी ही कल्पना होती. एवढ्या कडक भिंतीतून मऊ लिथियमचा काटा जाणार नाही आणि योशिनो यांनी बाहेर काढलेला शुद्ध धातू परत आत आणता येईल, अशी आशा तिच्यामागे होती.

पण काटा गेला. चकत्यांनाही शॉर्ट होऊ लागले, आणि मऊ धातू कडक सिरॅमिक कसा भेदतो हे दीर्घकाळ कोडे राहिले. नागफणी ऐटुकुरी यांच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गटाने अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या वेंकट विश्वनाथन यांच्या सहकार्याने त्याचे एक उत्तर दिले, तेही २०२२ मध्येच, म्हणजे ज्या वर्षी रस्त्यावर स्कूटरी पेटत होत्या त्याच वर्षी. त्यांच्या मते गोष्ट काट्यापासून सुरूच होत नाही. सेल डिस्चार्ज होताना लिथियम सिरॅमिकच्या पृष्ठभागापासून निघून जातो आणि जाताना सूक्ष्म पोकळ्या मागे ठेवतो. मग पुढच्या वेळी वीज त्या पोकळ्यांच्या कडांवर एकवटते, आणि तिथली घनता सरासरीच्या हजारो पटींनी वाढते. एखाद्या रुंद पुलाचा मधला भाग कोसळून सगळी गर्दी दोन अरुंद कडांवरून जाऊ लागली, तर कड खचते, तसेच येथे होते आणि त्या कडेपासून काटा सिरॅमिकमध्ये घुसतो. याचा अर्थ असा की काट्याशी झगडण्याऐवजी पोकळी होऊ न देणे हा उपाय ठरतो. त्यासाठी या गटाने लिथियम आणि सिरॅमिक यांच्या मध्ये टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम यांचा अतिशय पातळ थर दिला. हे उच्च तापमानाला वितळणारे धातू आहेत आणि लिथियमशी मिश्रधातू करत नाहीत, तरीही त्यांच्यामुळे लिथियमला पृष्ठभागाशी एकसंध राहायला मदत होते. हा थर असलेले सेल जास्त काळ आणि जास्त प्रवाहावर टिकले. त्या थराने पोकळ्या उशिरा होतात. होतच नाहीत असे नाही.